स्विच ४० रुपयांचा, फेरी ४०० ची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या विजेच्या किरकोळ दुरुस्तीसाठी पुण्यासारख्या शहरात आज जे पैसे मोजावे लागतात, त्यावर घरोघरी कुरकुर होते. त्या पैशांत नेमके काय काय धरलेले असते याची चौकशी मात्र फारशी कोणी करत नाही. ४० रुपयांचा स्विच बदलायला साडेतीनशे-चारशे रुपये, पंख्याचा कंडेन्सर बदलायला तेवढेच, आणि वाजेनाशी झालेली डोअरबेल नुसती उघडून पाहिली व 'नवीन घ्यावी लागेल' एवढे सांगितले तरी दोनशे-अडीचशे, हे भाव कोथरूड, औंध किंवा सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या कोणालाही आता नवे राहिलेले नाहीत. पावसाळ्यात भिंतीत ओल उतरते, एमसीबी (जास्त वीज गेली की आपोआप बंद होणारी कळ) वरचेवर पडू लागतो, बाहेरच्या बाजूच्या बोर्डांत मुंग्या शिरतात आणि वायरमनला फोन करण्याची पाळी हमखास येते, म्हणून हा विषय याच दिवसांत मांडावासा वाटला.

आमच्याकडे नुकताच गिझरचा सॉकेट जळाला. १६ अँपिअरचा हा सॉकेट बाहेरून थोडा पिवळट पडला होता, इतकेच दिसत होते. वायरमनने मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री करून घेतली आणि प्लेट काढली, तेव्हा आतल्या टर्मिनलचा स्क्रू सैल होऊन त्यावर काळा कार्बन धरलेला आढळला. फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, तारेचे आवरण उष्णतेने कडक झाले होते आणि बोट लावताच त्याचे तुकडे पडत होते. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो आणि सैल जोडणीतून तेवढी वीज रोज सकाळी जात राहिली की असेच होते. त्याने तारेचा जळका भाग कापला, उरलेले टोक सोलून दुमडले, नव्या सॉकेटमध्ये घालून स्क्रू आवळला, तार ओढून पाहिली आणि मगच प्लेट लावली. काम वीस-पंचवीस मिनिटांचे. वहीच्या फाडलेल्या कागदावर हिशेब लिहून मिळाला : सॉकेट १८०, मजुरी ३५०, व्हिजिट २००, एकूण ७३० रुपये.

यातल्या ३५० रुपयांविषयी माझी तक्रार नाही. काम चोख होते, आणि तीच जोडणी कोणी अर्धवट करून गेला असता तर पुढच्या खेपेला प्लेट पिवळी पडण्यावर भागले नसते. पण मजुरी वेगळी आणि व्हिजिट वेगळी, हे फोनवर सांगितलेले नव्हते. सॉकेटची किंमत तर मला पडताळताच आली नाही, कारण तो त्याच्या पिशवीतून खोक्याविना बाहेर आला होता. विजेच्या किरकोळ दुरुस्तीत आपण मुख्यतः कामाचे पैसे देत नाही, फेरीचे देतो, आणि ही फेरी कशी वाटून घ्यावी याची कसलीच व्यवस्था आपण आजवर केलेली नाही, असे माझे मत झाले आहे.

वायरमनच्या बाजूने पाहिले तर हिशेब असा दिसतो. तो राहतो धायरीला नाहीतर नऱ्ह्याला, आणि काम असते कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर. पेट्रोल लिटरमागे शंभरीच्या पुढे गेले आहे. वाहतुकीतून वाट काढत यायचे, गाडी लावायला जागा शोधायची, वॉचमनच्या वहीत नाव लिहायचे, वर जाऊन बोर्ड उघडायचा, तर आतला स्विच निराळ्याच कंपनीचा निघतो. मॉड्युलर स्विचच्या बाबतीत एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या चौकटीत सहसा बसत नाही, आणि ग्राहकाने फोनवर 'साधाच स्विच आहे हो' एवढेच सांगितलेले असते. मग पुन्हा खाली उतरून दुकान गाठावे लागते. प्रकार जुना असेल आणि जवळपास मिळत नसेल, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपर्यंत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जावे लागते, आणि तपकीर गल्लीत दुचाकी लावणे हे काय काम आहे ते पुणेकरांना सांगायला नको. अशी फुटकळ कामे दिवसाकाठी चार झाली तरी पुष्कळ म्हणायची. एखाद्या दिवशी एकही होत नाही. याउलट नव्या इमारतीच्या साइटवर पॉइंटप्रमाणे, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जोडणीमागे, भाव ठरलेला असतो, एका फ्लॅटमध्ये साठ-सत्तर पॉइंट सहज निघतात, सामान जागेवर येऊन पडलेले असते आणि महिना-दोन महिने हात रिकामा राहत नाही. साहजिकच हातात कसब असलेला वायरमन साइटकडे वळतो आणि घरगुती कामाला 'रविवारी बघतो' म्हणून टोलवतो. मागे उरतात ते एकतर चढा भाव लावणारे, नाहीतर अजून शिकाऊ असलेले.

फ्रिज किंवा धुलाईयंत्र बिघडले की कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस व्हिजिटचे पैसे घेतो आणि ते आपण निमूटपणे देतो, कारण रक्कम आधीच कळलेली असते आणि पावती छापील मिळते. वायरमनशी मात्र तेवढ्याच रकमेवरून दारात उभे राहून घासाघीस होते. मला वाटते, रकमेपेक्षा ती आयत्या वेळी कळण्याचा राग त्यात अधिक असतो.

तरीही काही गोष्टींचे समर्थन करता येणार नाही. 'आल्यावर बघू' हे उत्तर त्यांतले पहिले. दोष पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा खर्च सांगता येत नाही हे खरे. पण येण्याचे किती आणि काम झाल्यास ते मजुरीतून वजा होणार की नाही, एवढे सांगायला बोर्ड उघडून पाहावा लागत नाही. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे एक स्विच गेला असताना अख्खा बोर्ड बदलायला लावणे. 'काका, सगळंच जुनं झालंय, कधी पण पेटेल,' हे वाक्य ऐकल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाने काय करावे? मुले परगावी किंवा परदेशी, स्टुलावर चढवत नाही, रात्री अंधारात राहायची भीती, अशा घरात तीन-चार हजार रुपये पाहता पाहता जातात. सांगणारा कधी कधी खरेही सांगत असतो, पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा अजून आहेत आणि त्यांची टोके हात लावताच तुटतात. म्हणूनच खरे-खोटे ओळखणे अवघड होते. अशा वेळी एक साधा उपाय मी सर्वांना सुचवीन. काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्यावा आणि त्यात काय बिघडले आहे ते दाखवायला सांगावे. जळलेला स्विच जळलेला दिसतो, तुटलेली तार तुटलेली दिसते. जो दाखवतो त्याला पैसे देताना हात आखडू नये.

मोबाइलवरून कारागीर बोलावण्याच्या सेवांनी भाव आधी दाखवण्याची सोय केली, हा त्यांचा गुण मान्य करायला हवा. परदेशातला मुलगा तिकडूनच पैसे भरून पुण्यातल्या आईकडे माणूस पाठवू शकतो, ही लहान गोष्ट नाही. पण दर नगावर असतो, सामानाचे पैसे वेगळे, ग्राहकाच्या पैशांतला एक वाटा कंपनीकडे जातो आणि येणारा माणूस दर वेळी नवा असतो. आमच्या भिंतीत पाइप कुठून वळला आहे, इन्व्हर्टरची तार कोणत्या बोर्डातून गेली आहे, हे जुन्या वायरमनला तोंडपाठ होते. नवा माणूस ते शोधण्यात अर्धा तास घालवतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे या ना त्या रूपाने आपल्याकडूनच जातात.

या संदर्भात कायदा काय म्हणतो, हेही लोकांना माहीत असायला हवे. घरातील विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावे, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमात होता, पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत तो आला आणि २०२३ च्या विनियमांतही तो कायम आहे. मात्र त्यातच एक सूट आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू जुन्याच्या जागी नव्या बसवण्याला, जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर, ही अट लागू नाही. म्हणजे ज्या कामांसाठी आपण चारशे रुपये मोजतो, त्यांतली बरीचशी कामे घरातल्या जाणत्या माणसाने करायला कायद्याची हरकत नाही. फक्त तो माणूस खरोखर जाणता हवा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, घातलेला पुष्कळ ठिकाणी आढळतो. तिथे स्विच बंद केला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज जिवंतच असते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी मेन बंद केला तरी काही बोर्डांत बॅटरीवरची वीज चालू राहते, आणि ती धक्का देताना ही महावितरणची नव्हे असे काही सांगत नाही. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, चालू असल्याची आधी खात्री केलेला टेस्टर प्रत्येक तारेला लावून पाहण्याची ज्याची तयारी नाही, त्याने यूट्यूबवर पाहून बोर्ड उघडण्यापेक्षा चारशे रुपये द्यावेत.

कायद्याची ही सूट जिथे संपते, तिथेच स्वस्ताईचा मोह सर्वांत महागात पडतो. एसीसाठी नवा पॉइंट हवा असतो. परवानाधारक माणूस मीटरजवळच्या बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढण्याचा आणि तिला वेगळा एमसीबी लावण्याचा खर्च सांगतो. दुसरा कोणी म्हणतो, 'आहे त्याच बोर्डातून काढून देतो, पाचशे द्या.' तो बोर्ड असतो दिवे-पंख्यांचा, त्यातली तार असते एक चौरस मिलिमीटरची, आणि दीड टनाचा एसी उन्हाळ्यात तासन् तास तिच्यावर चालतो. तिथे आपणच कमी पैशांचा माणूस निवडलेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. हे सगळे मृत्यू घरातले नव्हेत. शेतातले पंप, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा, कारखाने हेही त्यात आले. तरी नव्या पॉइंटसाठी माणूस ठरवताना परवाना पाहण्यास संकोच वाटू नये, एवढे ते पुरेसे आहे. आणि वायरमनला बोलावलेच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ) घरात आहे का, त्यावरचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो का, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. या एका गोष्टीवरचा खर्च मला कधीच जास्त वाटलेला नाही.

आता सहकारी गृहनिर्माण संस्थांविषयी, कारण माझी मुख्य सूचना त्यांनाच आहे. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादी दिलेली आहे आणि जिन्यातील दिव्यांबरोबरच सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी त्या यादीत येते. हे ठाऊक नसल्यामुळे मीटरच्या खोलीपासून फ्लॅटपर्यंतची केबल जळाली तरी सभासद स्वतःच्या खिशातून पैसे भरून मोकळे होतात आणि समितीही गप्प बसते. मुख्य स्विचनंतरच्या, घरातल्या जोडणीचा खर्च सभासदाचा, यात वाद नाही. पण तो कमी करण्याची ताकद संस्थेच्या हाती आहे. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, लिफ्टच्या खोलीतली जोडणी यांसाठी बहुतेक संस्थांचा वायरमन ठरलेला असतो आणि महिन्यातून एकदा तरी तो इमारतीत येतोच. त्याच्या याच फेरीला घरगुती कामे का जोडू नयेत?

महिन्यातला एक ठरावीक रविवार यासाठी राखून ठेवावा. आठवडाभर आधी वॉचमनजवळ वही ठेवावी आणि ज्याचे काम असेल त्याने फ्लॅट क्रमांक, बिघाड आणि स्विच-सॉकेटवर छापलेले कंपनीचे नाव त्यात लिहावे. जमल्यास बोर्डाचा फोटो वायरमनला पाठवावा, म्हणजे सामान घेऊनच तो येईल आणि तपकीर गल्लीची खेप वाचेल. स्विच, सॉकेट, रेग्युलेटर, पंख्याचा कंडेन्सर, पंखा उतरवून पुन्हा बसवणे अशा नेहमीच्या कामांची मजुरी समितीने त्याच्याशी बोलून ठरवावी आणि सूचना फलकावर लावावी. सामान दुकानाच्या बिलाप्रमाणे घ्यावे आणि ते आयएसआय चिन्हाचेच असावे. त्या दिवशी व्हिजिटचे पैसे नाहीत. एरवी अडीअडचणीला बोलावले तर किती, तेही त्याच फलकावर लिहिलेले असावे. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत आठ घरांनी कामे लिहिली आणि प्रत्येकी मजुरी दीडशे धरली, तरी एकदा गाडी लावून दुपारपर्यंत त्याला १,२०० रुपये मिळतात. आज पेट्रोल जाळत, गावभर फिरून, चार घरांत प्रत्येकी चारशे घेऊन दिवसाअखेरीस जे सोळाशे होतात, त्यांच्याशी हे ताडून पाहावे. त्याचा अर्धा दिवस शिल्लक राहतो आणि सभासदाचे अर्ध्याहून अधिक पैसे वाचतात. मजुरी ठरवताना समितीने फार ताणू नये, ही पुणेकर म्हणून आगाऊ सूचना. दीडशेचे ऐंशी केले तर दुसऱ्या महिन्यात तो येणार नाही.

बंगले, बैठ्या चाळी आणि पेठांमधले जुने वाडे यांना संस्था नसते. तिथे गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून हेच करता येईल, मात्र वाड्यांतल्या वायरिंगचा प्रश्न मालक-भाडेकरू वादात इतका गुंतलेला आहे की तो इथे उकरून काढण्यात अर्थ नाही.

शासनाने रिक्षाप्रमाणे या कामांचेही दर ठरवून द्यावेत, असे काही जण सुचवतात. मला ते व्यवहार्य वाटत नाही, कारण रिक्षाचे अंतर मीटरवर मोजता येते, पण भिंतीतल्या पाइपात तार कुठे तुटली आहे ते शोधायला दहा मिनिटे लागतील की दोन तास, हे कोणताही आदेश सांगू शकणार नाही. शासनाकडून अपेक्षा करायचीच तर ती वेगळी आहे. राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि वीजतंत्री व तारतंत्री हे दोन्ही दोन वर्षांचे अभ्यासक्रम त्यांतल्या अनेक ठिकाणी शिकवले जातात. औंधसारख्या संस्थांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना निदेशकांच्या देखरेखीखाली महिन्यातून एक-दोन दिवस आसपासच्या सोसायट्यांत नेले, तर कार्यशाळेतल्या लाकडी फळीवर जोडणी करणाऱ्या मुलांना चाळीस वर्षांची खरी वायरिंग, ओल धरलेला बोर्ड आणि तीन पिढ्यांच्या वायरमननी घातलेले सांधे पाहायला मिळतील. लोकांना माफक मजुरीत काम होऊन मिळेल आणि या मुलांतले काही जण पुढे त्याच भागात धंदा करतील. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाने घरगुती कामे घेण्यास तयार असलेल्या परवानाधारकांची प्रभागवार मराठी यादी प्रसिद्ध केली आणि ती सोसायट्यांच्या फलकापर्यंत पोहोचवली, तर परवाना पाहून माणूस ठरवणे सोपे जाईल.

हे होईल तेव्हा होईल. सोसायट्यांना मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात आणि त्यांची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. ज्या संस्थांच्या नोटिसा अद्याप निघालेल्या नाहीत, त्यांनी विषयपत्रिकेत 'घरगुती वीजदुरुस्तीसाठी ठरावीक दिवस व दरपत्रक' हा एक विषय घालावा, आणि ठराव मांडण्यापूर्वी आपल्या वायरमनला समितीच्या बैठकीत बोलावून त्याला काय परवडते ते विचारून घ्यावे, एवढीच विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करतो.

आपला नम्र,
एक वाचक
कोथरूड, पुणे